फाळका ८४ सेंटिमीटरवर: एटीव्ही पिकअपमध्ये चढवतानाच्या एका प्रसंगाचा अभ्यास

संध्याकाळी साडेपाचला दादाने रॅम्प पिकअपच्या फाळक्याला, म्हणजे मागच्या उघडणाऱ्या झडपेला, टेकवले आणि सहा वाजायच्या आत मी त्याच्या घोट्यावर बर्फ धरून बसलो होतो. मधल्या वेळात काय घडलं ते तपशिलात मांडतो आहे, कारण त्यात नशिबाचा भाग फार थोडा होता. जवळजवळ प्रत्येक गोष्ट इंजिन सुरू होण्याआधीच ठरून गेली होती, आणि ती ठरवताना मी तिथेच उभा होतो.

काय घडलं

एटीव्ही, म्हणजे हँडलने चालवायची, जाड टायरांची चारचाकी गाडी. आमची कामाची, ५०० सीसीची. पेट्रोल भरलेलं, पुढच्या बंपरखाली विंच (दोर गुंडाळून ओढणारं मोटरचं यंत्र), एकूण वजन ३२० किलोच्या आसपास. मागच्या कॅरिअरवर पाण्याचा २० लिटरचा भरलेला कॅन दिवसभराच्या कामानंतर तसाच बांधलेला राहिला होता. पिकअप दुहेरी केबिनची. तिचा हौदा, म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग, १.७ मीटर लांब, आणि फाळका उघडून आडवा केला की त्याची कड जमिनीपासून ८४ सेंमी उंच. रॅम्प ॲल्युमिनियमचे, दोन सुटे, प्रत्येकी १.८ मीटर लांब. जोडी ६८० किलो पेलते असं त्यांच्यावर लिहिलेलं होतं. म्हणून आमच्या डोक्यात भीती होती ती एकच, रॅम्प वाकण्याची. ते शेवटपर्यंत वाकले नाहीत.

पिकअप उभी केली ती घराजवळ सोयीची म्हणून, ओल्या गवतावर. हँडब्रेक ओढला, गिअर मात्र न्यूट्रलमध्येच राहिला. चाकांना ठोकळे लावले नाहीत. रॅम्पसोबत आलेले बांधायचे पट्टे ज्या पिशवीतून आले त्याच पिशवीत राहिले. "पाच मिनिटांचं काम आहे, तू फक्त डावा रॅम्प पायाने दाबून धर," दादा म्हणाला. मी धरला.

पहिल्या खेपेला पुढची चाकं रॅम्पच्या मध्यापर्यंत गेली. दादाला चढ नको तितका उभा वाटला आणि तो हळूच मागे आला. इथे थांबायला हवं होतं. गाडीने आम्हाला सांगून झालं होतं, आम्ही ते ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला त्याने दोन मीटर मागून वेग घेतला.

चाकं वर पोहोचली. डाव्या रॅम्पचा पाय तोवर चिखलात रुतून थोडा कलला होता, त्यामुळे त्याचं वरचं टोक फाळक्यावर नीट बसलेलं नव्हतं. तिथे तीन-चार सेंटिमीटरची पायरी तयार झाली होती. डावं पुढचं चाक त्या पायरीला अडलं. गाडी क्षणभर थबकली आणि दादाचा अंगठा आपसूक थ्रॉटलवर, म्हणजे हँडलवरच्या वेग वाढवायच्या खटक्यावर, जोरात दाबला गेला. त्याच क्षणी पिकअप ओल्या गवतावर किंचित पुढे सरकली, डावा रॅम्प माझ्या पायाखालून मागे सटकला, गाडीचं तोंड वर उचललं गेलं आणि ती डावीकडे कलून खाली आली. दादाने उजवीकडे उडी टाकली म्हणून तो तिच्याखाली सापडला नाही. मी मागे पडलो. गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर आडवी झाली.

नुकसान मोजलं तर किरकोळ: दादाचा घोटा मुरगळला (एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं), हँडल वाकलं, पिकअपचा एक मागचा दिवा फुटला. पण उडी डावीकडे पडली असती तर हे प्रकरण मी लिहीत बसलो नसतो.

दुसऱ्या दिवशीचं मोजमाप

सकाळी टेप घेऊन मी सगळं पुन्हा मोजलं. उंची ८४ सेंमी, रॅम्प १८० सेंमी. एकाला दुसऱ्याने भागलं की ०.४७, म्हणजे सुमारे २८ अंशांचा चढ. डोळ्यांना तो एवढा वाटत नाही. पण गाडीवर बसलेल्या माणसाला २८ अंश म्हणजे समोर फक्त आभाळ, फाळका कुठे आहे तेही दिसत नाही.

पहिला विचार कोणाच्याही मनात येतो तो लांब रॅम्पचा. तो बरोबरही आहे. २.४ मीटरचे रॅम्प असते तर त्याच उंचीवर चढ २१ अंशांच्या आत आला असता. पण आमच्याकडे ते नव्हते, आणि मोजता मोजता माझी नजर ज्या गोष्टीवर गेली ती रॅम्पपेक्षा महत्त्वाची निघाली. घरापासून तीस-चाळीस पावलांवर वरचं शेत खालच्या शेतापेक्षा ४५ सेंमी उंच आहे, मध्ये दगडी बांध. पिकअप खालच्या शेतात त्या बांधाला पाठ करून उभी केली, तर फाळका आणि वरची जमीन यांच्यातलं अंतर ८४ वजा ४५, म्हणजे ३९ सेंमीच उरतं. रॅम्प तेच, पिकअप तीच, चालवणाराही तोच, आणि चढ साडेबारा अंशांवर.

या एका हिशेबासाठी मी हे सगळं लिहितो आहे. एटीव्ही चढवायची म्हटलं की चर्चा होते ती हिमतीची, थ्रॉटल किती द्यायचा याची, रॅम्प किती मजबूत याची. फाळक्याची उंची मात्र सगळे पिकअपच्या रंगासारखी धरून चालतात, जणू ती बदलताच येत नाही. ती बदलता येते. बांध, माल उतरवायचा ओटा, रस्त्याकडेची उंच कड, नाहीतर मागची चाकं उतरवायला एखादा उथळ, कोरडा चर, यांपैकी काहीतरी बहुतेक ठिकाणी शंभर पावलांत सापडतं.

गाडी मागे उलटायला किती निमित्त लागतं

याचा अंदाज मी कागदावर काढला. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १.२८ मीटर, गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे साधारण ६० सेंमी आणि जमिनीपासून अर्धा मीटर उंच, वर ८० किलोचा माणूस, मागे २० किलोचा कॅन. आकडे ढोबळ आहेत, तरी चित्र स्पष्ट होतं.

२८ अंशांवर उभी असलेली गाडी नुसती उभी राहून मागे उलटत नाही. ती उलटते थ्रॉटलच्या झटक्याने. माझ्या हिशेबाने त्या चढावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट प्रवेग मिळाला की पुढच्या चाकांवरचं वजन शून्य होतं. ०.३ पट म्हणजे एका सेकंदात ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वेग. लो गिअरमधली एटीव्ही हे अंगठा घाबरून दाबला तरी करते. कॅन काढला असता तर ही मर्यादा ०.३८ च्या जवळ गेली असती. म्हणजे वीस लिटर पाण्याने आमच्या हातातल्या उसंतीपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा खाल्ला होता. साडेबारा अंशांच्या चढावर, कॅनशिवाय, हीच मर्यादा ०.७ च्या वर जाते, म्हणजे तिथे घाबरलेल्या अंगठ्यालाही पुरेशी माफी आहे.

माणसाने पुढे झुकून बसावं असं सगळे सांगतात, ते खरंच आहे. पण चाक अडलेल्या क्षणी शरीर मागे फेकलं जातं, आणि मागे जाणारं शरीर हँडल घट्ट धरतं, म्हणजे अंगठाही दाबतं. चूक चूक वाढवत जाते ती अशी.

रॅम्प का सटकला

इथे माझी स्वतःची समजूत चुकीची होती. मला वाटायचं की वजनामुळे रॅम्प मागे ढकलला जातो, म्हणून त्याच्या पायावर दाब द्यायचा. पण गाडी रॅम्पवर संथपणे एकाच वेगाने चढत असेल तर तिचा सगळा भार सरळ खालीच जातो, कारण वजन खालीच खेचतं. तोवर रॅम्पला मागे जायला काही कारण नसतं. कारण तयार होतं ते दोन वेळी: गाडी झटक्याने वेग घेते तेव्हा, आणि पुढचं चाक कशाला तरी अडतं तेव्हा.

अडलेलं पुढचं चाक पिकअपला पुढे ढकलतं. त्याला ढकलायचा जोर मागच्या चाकांनी रॅम्पला मागे ढकलून मिळवलेला असतो. म्हणजे गाडी मधोमध उभी राहून पिकअप आणि रॅम्प यांना एकमेकांपासून दूर सारत असते. आमच्या बाबतीत गाडी, माणूस आणि कॅन मिळून ४२० किलो. ०.३ पट प्रवेगाला तेवढ्यासाठी सव्वाशे किलोचा जोर मागे लागतो. त्यासमोर गुळगुळीत धातूखालचं ओलं गवत आणि माझा एक पाय. रॅम्पचं टोक फाळक्यावर जेमतेम पाच सेंटिमीटर टेकलेलं होतं, पिकअप न्यूट्रलमध्ये असल्याने ती अडवायला फक्त हँडब्रेक, आणि मागची चाकंही त्याच ओल्या गवतावर. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकलं की ते पाच सेंटिमीटर संपतात.

फोर व्हील ड्राइव्हही आम्ही चालू केला नव्हता. तो असता तर पुढच्या चाकांनी पायरी स्वतः चढायला मदत केली असती, आणि सगळा जोर मागच्या दोन चाकांतून रॅम्पवर गेला नसता.

रॅम्पवर पाय देऊन उभं राहणारा मदतनीस काहीच अडवू शकत नाही. गाडी जिथे पडणार त्या जागेत तो फक्त स्वतःला ठेवतो. हे मी फार गांभीर्याने सांगतो आहे, कारण त्या संध्याकाळपर्यंत मला ते काम उपयोगाचं वाटत होतं.

दुसरा प्रयत्न

चार दिवसांनी गाडी न्यायचीच होती. दादा लंगडत होता आणि मी चालवावी की नाही यावर आमची बोलणी चालली होती. वहिनी अंगणातून सगळं ऐकत होत्या. त्या दादाला म्हणाल्या, "अहो, गाडीला पुढे ती विंच आहे ना? चिखलातून बाहेर ओढते, मग वर नाही ओढणार?"

आम्ही दोघंही गप्प झालो. विंच पहिल्या दिवशीही तिथेच होती.

पिकअप बांधाला पाठ करून सरळ उभी केली. गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, मागच्या-पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे दिले. बांधाची कड वजनाने ढासळू शकते, म्हणून रॅम्पचे पाय कडेपासून हातभर मागे, एका जाड फळीवर टेकवले. दोन्ही रॅम्पमधलं अंतर फक्त पुढच्या चाकांवरून नाही, पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांवरून जुळवलं. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात आणि बाहेरच्या कडेला येतात. मग पिशवीतले पट्टे निघाले. प्रत्येक रॅम्पचं वरचं टोक पिकअपच्या मागच्या ओढ-हुकाला आणि चासीला ताणून बांधलं. फाळक्याला नाही, कारण फाळका स्वतःच दोन दोऱ्यांवर लटकलेला असतो. त्या दोऱ्या आणि बिजागऱ्याही बघून घेतल्या, गंज नव्हता.

कॅन उतरवला. हौद्याच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांतून एक पट्टा घालून त्याच्या मध्याला विंचचा हुक लावला. हा पट्टा आडवा ताठ ठेवायचा नसतो. कोन जितका पसरट तितका प्रत्येक कड्यावर ओढ जास्त. पुरेसा सैल ठेवून त्याचा लांबट त्रिकोण होऊ दिला. किती जोर लागणार होता तेही काढलं होतं: ३२० किलो साडेबारा अंशांवर म्हणजे चढाचे सत्तर किलो, चाकं फिरवायचे थोडे वरती, एकूण शंभराच्या आत. अशा गाड्यांवरच्या विंच साधारण हजार किलोच्या पुढे ओढतात, म्हणून विंचची चिंता नव्हती. काळजी होती कड्यांची, ती पिकअपच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहिली.

गाडी न्यूट्रलमध्ये. सीटवर कोणी नाही. दादा विंचचं बटण हातात घेऊन बाजूला, दोराच्या रेषेपासून दूर. मी दुसऱ्या बाजूला. मागे कोणीही नाही, याची वहिनींनी राखण केली. विंच थोडी थोडी चालवायची, थांबायचं, चाकं रॅम्पच्या मध्यावर आहेत का बघायचं, हँडल हाताने किंचित सरळ करायचं आणि पुन्हा बाजूला व्हायचं. वर जायला चार-पाच मिनिटं लागली. पुढची चाकं फाळक्यावर आली तेव्हा या खेपेला पायरीच नव्हती, कारण दोन्ही रॅम्प सपाट बसले होते.

विंचचा एक फायदा माझ्या आधी लक्षात आला नव्हता. मागची चाकं फाळक्यावरून जातात तेव्हा गाडीचं अर्धं वजन, म्हणजे दीडशे-एकशे साठ किलो, त्या लटकत्या पत्र्यावर येतं. वर माणूस बसलेला असला तर त्याच्या वजनाचाही मोठा भाग तिथेच येतो. फाळका किती पेलतो हे प्रत्येक पिकअपचं वेगळं असतं आणि ते पुस्तिकेत बघायचं असतं. माणूस कमी झाला की तो हिशेबही हलका होतो.

हुक विंचच्या तोंडाशी असलेल्या रोलरपासून वीतभर राहिला तिथे विंच थांबवली. तेव्हा मागची चाकं फाळक्यावर होती, सपाटीवर. दोर थोडा सैल करून मी वर चढलो आणि लो गिअर व फोर व्हीलवर गाडी उरलेला अर्धा मीटर इतकी हळू नेली की बंपर हौद्याच्या भिंतीला लागला तोही ऐकू आला नाही. मागची चाकं फाळक्याच्या बिजागरीच्या जेमतेम आत बसली. हौदा आणखी वीस सेंमी आखूड असता तर ती फाळक्यावर राहिली असती आणि मी ती गाडी त्या पिकअपमधून नेलीच नसती, ट्रेलर मागवला असता.

बांधणी

पार्किंग ब्रेक, गाडी गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक बंद. चार रॅचेट (खटक्याने आवळायचे) पट्टे, प्रत्येकावर कामाचा भार ५०० किलो लिहिलेला. पट्ट्यावर दोन आकडे असतात, तुटण्याचा आणि कामाचा. बघायचा तो कामाचा. माल बांधण्याच्या ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकात रस्त्यावर पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट जोर धरून हिशेब करतात. ३२० किलोला ते होतात पुढे २५६ आणि बाजूला किंवा मागे १६० किलो. पट्टा तिरपा असला की त्याच्या ताणाचा काही भाग खाली दाबण्यात जातो, म्हणून चार पट्टे ही चैन नाही.

पट्टे कॅरिअरला किंवा हँडलला न लावता गाडीच्या सांगाड्याला आणि ॲक्सलजवळच्या भक्कम भागांना लावले. पुढचे दोन पुढे-बाहेर, मागचे दोन मागे-बाहेर, पुढचं सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत ताणले. पूर्ण दाबायचं नाही, त्याने सील खराब होतात आणि खड्ड्यात पट्ट्याला धक्का बसतो.

पाच किलोमीटरवर थांबून बघितलं तर मागचा उजवा पट्टा बोटभर सैल झाला होता. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, साधारण पाच ते सात पीएसआय. हादऱ्यांनी टायर दबतो, गाडी किंचित बसते आणि ताण उतरतो. पुन्हा आवळला, नंतर आणखी एकदा वाटेत तपासला.

उतरवताना

पोहोचलो तिथे बांध नव्हता. होता तो रस्त्याकडेचा पंचवीसेक सेंमी खोल, कोरडा, कठीण तळाचा चर. मागची चाकं त्यात उतरवली. गाडीच्या वजनाने पिकअप आधीच सहा सेंमी बसली होती. चरापलीकडच्या जमिनीपासून फाळका आता ५३ सेंमीवर आला, चढ सतरा अंश. रॅम्प बांधले, ठोकळे दिले, विंचचा हुक लावला आणि दोर ताठ झाल्यावरच शेवटचा पट्टा सोडला.

दादाला तिथे गाडीवर बसून मागे उतरायचं होतं. मी नाही म्हणालो, आणि कारण सांगितलं. मागे घरंगळणाऱ्या गाडीचा मागचा ब्रेक दाबला की पुढचा भाग उचलला जाऊन ती चालवणाऱ्यावर येऊ शकते. त्या वेळी थ्रॉटल द्यायचा नाही, वजन चढाकडे म्हणजे पुढे ठेवायचं, पुढचा ब्रेक हळूहळू दाबायचा आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच मागचा. हे ऐन क्षणी आठवणं दुखऱ्या घोट्याच्या माणसाकडून मला अपेक्षित नव्हतं. माझ्याकडूनही नाही.

"बरं, दे ते बटण इकडे," तो म्हणाला. आधी मी बाजूने ढकलून मागची चाकं रॅम्पच्या तोंडाशी आणली. मग त्याने बाजूला उभं राहून वीत-वीत दोर सोडत गाडी खाली घेतली. मागची चाकं जमिनीला टेकल्यावर मी घड्याळ बघितलं, सहा मिनिटं झाली होती.